निवडणुकीतील खोट्या प्रचाराची तक्रार: पोलीस ठाणे, उच्च न्यायालय की निवडणूक निर्णय अधिकारी?

निवडणुकीच्या दिवसांत निनावी पत्रक दारात पडते, ओळखीच्या आवाजाची बनावट ध्वनिफीत मोबाइलवर येते, किंवा अमुक उमेदवाराने ऐन वेळी दुसऱ्याला पाठिंबा दिला असा धादांत खोटा मजकूर गावभर फिरतो. अशा वेळी मतदारापुढे तीन व्यवहार्य मार्ग असतात. पोलीस ठाण्यात तक्रार देता येते, निकालानंतर उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करता येते, किंवा प्रचार चालू असतानाच निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या यंत्रणेकडे, म्हणजे भरारी पथक, मोबाइलवरून तक्रार करण्याचे सी-व्हिजिल ॲप आणि प्रचाराच्या जाहिराती आधी तपासणारी माध्यम प्रमाणीकरण समिती यांच्याकडे जाता येते. आमच्या तालुक्यातील एका छोट्या मतदार जागृती गटाचा सदस्य या नात्याने मला ही निवड प्रत्यक्ष करावी लागली आहे. पुढच्या निवडणुकीत असे पत्रक ज्यांच्या हाती येईल, त्यांना ठरवायला सोपे जावे म्हणून हे तीन मार्ग येथे शेजारी शेजारी मांडतो आहे. हे विवेचन लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांपुरतेच आहे. महापालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यांचे कायदे वेगळे आहेत आणि मुदतीही फार आखूड आहेत. महापालिकेच्या निवडणुकीला आव्हान द्यायला तर अवघे दहा दिवस मिळतात.

अशा तुलनेत साधारणपणे कोणत्या कलमाखाली किती शिक्षा होते ते पाहिले जाते. मी थोडा वेगळा हिशेब धरला आहे. खोटा प्रचार बेकायदा ठरवला की तो कायदा राबवण्याचा खर्च कोणीतरी सोसतो, आणि तो शेवटी करदात्याच्याच खिशातून जातो. लोकसभा निवडणुकीचा खर्च केंद्र सरकार करते, विधानसभेचा राज्य सरकार करते, दोन्ही एकाच वेळी झाल्या तर तो निम्मा निम्मा वाटला जातो, आणि बंदोबस्ताचा भार राज्यावर असतो. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीवर सरकारचे सुमारे ३,८७० कोटी रुपये खर्च झाले. या आकड्यात मतदान केंद्रे, शाई, यंत्रे, वाहने यांचा हिशेब लागतो. एखादा खोटेपणा शाबित करायला न्यायाधीशांची जी वर्षे जातात आणि पोलिसांचे जे मनुष्यबळ गुंतते, त्याची मोजदाद मात्र कोठेच होत नाही. त्या न मोजलेल्या खर्चाच्या बदल्यात मतदानाच्या दिवसापूर्वी मतदाराच्या हाती काय पडते, हीच माझी कसोटी आहे.

निवडणूक याचिकेबद्दल आधी लिहितो, कारण ती सर्वांत प्रतिष्ठेची आणि माझ्या मते सामान्य मतदाराला सर्वांत कमी उपयोगाची आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३ मध्ये भ्रष्ट आचरणाची यादी आहे आणि तिच्या पोटकलम ४ मध्ये उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी, वर्तनाविषयी, उमेदवारीविषयी किंवा माघारीविषयी खोटे विधान प्रसिद्ध करणे येते. निकालापासून पंचेचाळीस दिवसांत कोणताही उमेदवार किंवा त्या मतदारसंघातील कोणताही मतदार याचिका करू शकतो आणि सुरक्षा ठेव अवघी २,००० रुपये आहे. एवढे वाचले की मार्ग स्वस्त वाटतो. पण विधान खोटे होते, ते करणाऱ्याला त्याच्या खरेपणाची खात्री नव्हती, ते उमेदवाराने किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने स्वतः अथवा त्यांच्या संमतीने केले होते आणि त्याने दुसऱ्याच्या यशाला बाध येण्याचा संभव होता, या सगळ्या गोष्टी फौजदारी खटल्याइतक्याच काटेकोरपणे सिद्ध कराव्या लागतात. पत्रक निनावी असेल तर संमतीच्या पायरीवरच याचिका अडते. सुनावणी सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो, पण तो प्रयत्नच राहतो.

याचे महाराष्ट्रातले सर्वांना माहीत असलेले उदाहरण विलेपार्ल्याचे आहे. डिसेंबर १९८७ मधील त्या पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू निवडून आले आणि पराभूत उमेदवार प्रभाकर कुंटे यांनी याचिका केली. मुद्दा खोट्या विधानाचा नव्हता, धर्माच्या नावाने मते मागितल्याचा होता. पण कलम १२३ हेच होते आणि सिद्धतेचे ओझेही तेच होते. मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये निवडणूक रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय डिसेंबर १९९५ मध्ये कायम केला. मधल्या काळात राज्यात विधानसभेच्या दोन सार्वत्रिक निवडणुका होऊन गेल्या होत्या. कायद्याचा अर्थ स्पष्ट होण्याच्या दृष्टीने या निकालाचे मोल मोठे आहे, हे मी नाकारत नाही. ज्या मतदारांनी १९८७ मध्ये मत दिले होते, त्यांच्यापुरते मात्र ते वरातीमागून घोडे होते.

याचिकेचा आणखी एक खर्च सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. याचिकेची मुदत संपेपर्यंत मतदान यंत्रे सुरक्षा कक्षात बंद ठेवावी लागतात, आणि याचिका दाखल झाली तर संबंधित यंत्रे न्यायालयाची परवानगी मिळेपर्यंत बाहेर काढता येत नाहीत. त्यांच्यासाठी जागा लागते, पहारा लागतो आणि पुढच्या निवडणुकीला तेवढी यंत्रे कमी पडतात. कोविडकाळात न्यायालयीन मुदती शिथिल झाल्या, तेव्हा याच कारणाने सहा विधानसभांच्या निवडणुकांतील यंत्रे अडकून पडली आणि २०२१ मध्ये निवडणूक आयोगाला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले.

आता पोलीस ठाणे. माझा कौल ज्या एका गोष्टीमुळे ठरला ती येथेच घडली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत, प्रचार संपण्याच्या आदल्या संध्याकाळी, आमच्या भागात एक पत्रक वाटले गेले. त्यात दोन विधाने होती. एका उमेदवाराने दुसऱ्याला गुपचूप पाठिंबा देऊन मैदान सोडले आहे, हे पहिले. आणि त्याच्या खासगी आयुष्याविषयीचा एक ओंगळ आरोप, हे दुसरे. आमच्या गटाने दोन्ही दारे एकाच वेळी ठोठावायचे ठरवले. मी पत्रकाची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात गेलो आणि गटातील एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो, त्याच सुमारास निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात गेल्या.

ठाणे अंमलदारांनी पत्रक वाचले, मला बसायला खुर्ची दिली आणि नीट ऐकूनही घेतले. त्यांच्या वागण्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७५ प्रमाणे, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या १७१-जी प्रमाणे, निवडणुकीच्या निकालावर परिणाम घडवण्यासाठी उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी वा वर्तनाविषयी खोटे विधान करणे हा गुन्हा आहे. त्याला फक्त दंड आहे. पाठिंब्याची आणि माघारीची खोटी बातमी या कलमात बसतच नाही, कारण माघारीचा उल्लेख लोकप्रतिनिधित्व अधिनियमात आहे, संहितेत नाही. त्यामुळे ज्या विधानाने मते फिरण्याची खरी भीती होती, ते पहिल्याच मिनिटाला बाजूला पडले. उरलेल्या आरोपाबाबत गुन्हा अदखलपात्र असल्याने त्यांनी एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नोंद, केली, तिची प्रत मला दिली आणि न्यायालयात दाद मागण्याची समज दिली, तसे त्या कागदावर लिहिलेही.

ही एनसी हीच माझी अडचण आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने यात एक सुधारणा केली आहे: अदखलपात्र तक्रारींच्या नोंदीचा अहवाल पोलिसांनी दर पंधरा दिवसांनी दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा. एरवी ही तरतूद स्वागतार्ह मानावी लागेल. पण उमेदवारी मागे घेण्याच्या शेवटच्या दिवसापासून मतदानापर्यंत कायद्याने किमान चौदा दिवसांचे अंतर ठेवलेले आहे, आणि प्रचाराचा खरा काळ म्हणजे तेवढाच. २०२४ मध्ये माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि २० नोव्हेंबरला मतदान झाले. म्हणजे एका अहवालाचा हप्ता पूर्ण व्हायला जो वेळ लागतो, त्यात बहुतेक सगळी निवडणूक बसते. मी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकलो असतो. पण मतदानाला उरलेल्या वेळात वकील गाठणे, अर्ज करणे, आदेश मिळवणे आणि मग बंदोबस्तात गुंतलेल्या ठाण्याकडून तपास होणे, ही साखळी पूर्ण होईल असे कोणी जाणत्याने मला सांगितले नाही. निकाल लागल्यावर त्या उमेदवारालाही पत्रकात रस उरला नाही. ती एनसीची प्रत आमच्या गटाच्या फाइलमध्ये आहे.

यावर कोणी म्हणेल की हा दोष कलमाच्या सौम्यपणाचा आहे. गुन्हा दखलपात्र करा आणि दोन वर्षांची कैद ठेवा. ही सूचना नवी नाही. विधी आयोगाने २०१४ च्या २४४ व्या अहवालात खोट्या शपथपत्राची शिक्षा वाढवण्याची शिफारस केली आणि मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांबाबत तशीच कडक भूमिका घेतली. मला या शिफारशींविषयी आदर आहे. तरीही दखलपात्र गुन्ह्याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, तेही पाहावे. प्रचाराच्या दोन आठवड्यांत प्रत्येक उमेदवाराचे कार्यकर्ते प्रतिस्पर्ध्याविरुद्ध गुन्हा नोंदवायला रांग लावतील, तपास अधिकारी बंदोबस्त सोडून जबाब घेत बसतील, आणि कोणाला आधी बोलवायचे याचा निर्णय ठाण्याच्या पातळीवर होईल. त्या वेळी सत्तेवर कोणताही पक्ष असो, हे चित्र फारसे बदलणार नाही. सरकारला घाई असते तेव्हा निवडणुकीच्या प्रकरणातील कलमे वगळून फसवणुकीचे दखलपात्र कलम लावले जाते, हेही आपण पाहिले आहे. मतदान यंत्रे हॅक करता येतात असा दावा करणाऱ्या एका व्यक्तीविरुद्ध राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकारी कार्यालयाच्या तक्रारीवरून मुंबई सायबर पोलिसांनी नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस जो गुन्हा नोंदवला, तो न्याय संहितेचे कलम ३१८(४) आणि माहिती तंत्रज्ञान कायदा यांखाली होता.

बाईंचा अनुभव वेगळा होता. त्यांच्या अर्जात पत्रकातील मजकूर खरा की खोटा याची चर्चाच नव्हती. पहिलेच वाक्य असे होते की या पत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२७-ए प्रमाणे प्रत्येक निवडणूक पत्रकावर ही नावे असावी लागतात. प्रकाशकाने दोन ओळखीच्या व्यक्तींनी साक्षांकित केलेले प्रतिज्ञापत्र मुद्रकाला द्यायचे असते आणि मुद्रकाने त्याची व छापील मजकुराची प्रत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची असते. म्हणूनच आचारसंहिता लागली की छापखानेवाल्यांना कार्यालयात बोलावून बैठक घेतली जाते. या कलमाखालील शिक्षाही सहा महिने किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड अशी सौम्यच आहे, आणि काटेकोर पाहिले तर हा गुन्हाही अदखलपात्रच आहे. फरक एवढाच पडला की येथे तक्रारीमागे स्वतः अधिकारी उभा राहिला. भरारी पथक त्याच रात्री आले, एका बंद टपरीच्या आडोशाला ठेवलेले पत्रकांचे गठ्ठे त्यांनी पंचनामा करून ताब्यात घेतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उमेदवारांची अंतिम यादी कायम असून त्यात कोणताही बदल नाही, असे प्रसिद्धिपत्रक निघाले. ते पत्रक कोणी लिहिले होते, हे आजतागायत कळलेले नाही. ज्याला गुन्हेगार हवा आहे, त्याचे या मार्गाने समाधान होणार नाही.

माझ्या मते सगळ्या तुलनेचे मर्म येथे आहे. फसवणुकीवर बंदी घालणे महाग पडते, ते ‘ही फसवणूक होती’ हे ठरवताना. खोटे कोणते, ते कोणी केले, कोणत्या हेतूने केले, कोणाच्या संमतीने केले, हे प्रश्न जितके जास्त, तितका सरकारी खर्च जास्त आणि निर्णय तितका उशिरा. ज्या नियमाला हे प्रश्न विचारावेच लागत नाहीत, तो स्वस्त पडतो. नाव छापलेले आहे की नाही, हे पाहायला न्यायाधीश लागत नाही. पथकातील कोणालाही ते पाहून सांगता येते.

याच यंत्रणेने जेव्हा खऱ्याखोट्यात उतरायचे ठरवले, तेव्हा तिचाही वेळ गेला. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत भोकर मतदारसंघात अशोक चव्हाण यांच्याविषयी वृत्तपत्रांत आलेला मजकूर बातमी होता की खर्चाच्या हिशेबात दाखवायला हवी होती अशी जाहिरात, हा वाद निवडणूक आयोगापुढे गेला. अशी चौकशी करण्याचा आयोगाला अधिकार आहे की नाही, यावरच प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. मे २०१४ मध्ये न्यायालयाने अधिकार मान्य केला, जुलैमध्ये आयोगाने त्यांचा खर्चाचा हिशेब सदोष ठरवून नोटीस काढली, आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. तोपर्यंत त्या विधानसभेची मुदत संपत आली होती. या वादातून व्यवहारात टिकलेली गोष्ट म्हणजे जिल्हावार माध्यम समित्या आणि आधीच प्रमाणपत्र घेण्याची शिस्त. मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी वृत्तपत्रात राजकीय जाहिरात द्यायची तर ती समितीकडून मंजूर करून घ्यावी लागते. दूरचित्रवाणीसाठी पूर्वप्रमाणनाचा नियम २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून आहेच.

नावसाधर्म्याचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. २०१४ मध्ये रायगड लोकसभा मतदारसंघात सुनील तटकरे यांचा अनंत गीते यांच्याकडून २,११० मतांनी पराभव झाला, आणि सुनील तटकरे याच नावाच्या एका अपक्षाने ९,८४९ मते घेतली. त्या अपक्षाचा हेतू काय होता, हे ठरवायला कोणताही कायदा अपुरा पडेल. एकाच नावाच्या दोन माणसांपैकी एकाला निवडणूक लढवू नकोस असे सांगता येत नाही, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशी मनाई मागणारी याचिका ऐकून घेतली नाही. आयोगाने १ मे २०१५ नंतरच्या निवडणुकांपासून मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्र छापायला सुरुवात केली. छायाचित्राने गोंधळ पूर्ण थांबला असे मी म्हणणार नाही, पण एका छोट्या छपाईच्या खर्चात जेवढा कमी झाला, तेवढा कोणत्याही खटल्याने झाला नसता.

निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा मार्ग फुकट आहे असे मात्र कोणी समजू नये. प्रत्येक विधानसभा मतदारसंघात किमान तीन भरारी पथके असतात. महाराष्ट्राच्या २८८ जागांसाठी ती ८६४ होतात आणि गोव्याच्या ४० जागांसाठी १२०. शिवाय स्थिर सर्वेक्षण पथके, व्हिडिओ चित्रीकरण करणारे, ते चित्रीकरण पाहणारे आणि हिशेब लिहिणारे असे वेगवेगळे गट असतात. यासाठी वेगळी भरती होत नाही. जिल्हा परिषदेतून, कृषी खात्यातून, बांधकाम विभागातून, शाळांतून माणसे घेतली जातात. रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर कृषी सहायक नाक्यावर गाड्या तपासत उभा असतो, तहसील कार्यालयात उत्पन्नाचा दाखला आणि सातबाऱ्याचा फेरफार रखडतो, आणि शाळेत दोन वर्ग एकत्र बसवले जातात. या मार्गाचा खरा खर्च हा आहे आणि तो कोणत्याही देयकात दिसत नाही. तरीही मला तो परवडणारा वाटतो, कारण तो ठरावीक आठवड्यांपुरता असतो आणि तक्रार आली नाही तरी तो झालेलाच असतो. आपण एक तक्रार दिल्याने त्यात फारशी भर पडत नाही.

सी-व्हिजिल ॲपविषयी माझे मत जरा मिश्र आहे. २०१८ पासून ते वापरात आहे आणि शंभर मिनिटांत तक्रार निकाली काढण्याचे त्याचे वेळापत्रक मला आवडते: नियंत्रण कक्षाने पाच मिनिटांत तक्रार पथकाकडे द्यायची, पथकाने पंधरा मिनिटांत पोहोचायचे, तीस मिनिटांत पाहणी करायची आणि उरलेल्या पन्नास मिनिटांत अधिकाऱ्याने निर्णय घ्यायचा. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत २९ मार्चपर्यंत ७९,००० हून अधिक तक्रारी आल्या आणि त्यांपैकी सुमारे ८९ टक्के शंभर मिनिटांत निकाली निघाल्या, असे आयोगाने सांगितले. पण त्याच निवेदनाप्रमाणे ७३ टक्के तक्रारी बेकायदा फलक आणि बॅनरच्या होत्या. ॲप फलकासाठी बनले आहे आणि फलकासाठीच ते उत्तम आहे. छायाचित्र किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ त्याच ठिकाणी, त्याच क्षणी काढावा लागतो. आधी जतन केलेले काहीही त्यात चढवता येत नाही. खोटे छायाचित्र पाठवून कोणी यंत्रणेला पळवू नये, यासाठी ही अट योग्यच आहे. परंतु व्हॉट्सॲपवर आलेली बनावट ध्वनिफीत किंवा फोनवर ऐकलेला खोटा निरोप या अटीत बसत नाही, आणि आजचा खोटा प्रचार बहुतांशी तोच असतो. त्यासाठी लेखी अर्जच बरा.

समाजमाध्यमांवरील खोटेपणापुढे तिन्ही मार्ग तोकडे पडतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. त्यातही मला प्रतिबंधाचीच बाजू थोडी उजवी वाटते. मे २०२४ मध्ये आयोगाने राजकीय पक्षांना बनावट चित्रफिती निदर्शनास आल्यापासून तीन तासांत काढून टाकण्यास सांगितले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कृत्रिमरीत्या तयार केलेल्या प्रचारसाहित्यावर दृश्य भागाच्या किमान दहा टक्के जागेत तसे ठळक लिहिण्याची सूचना दिली. दुसरी सूचना मला अधिक पटते, कारण तिच्यातही प्रश्न मजकुराच्या खरेपणाचा नाही, सूचना लिहिली आहे की नाही एवढाच आहे. एप्रिल २०२४ मध्ये आयोगाने सुरू केलेली ‘मिथ व्हर्सेस रिअ‍ॅलिटी रजिस्टर’ ही अफवा आणि त्यामागची खरी माहिती मांडणारी नोंदवही याच जातकुळीतली आहे. परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांना २०१९ चा तो संदेश आठवत असेल, ज्यात अनिवासी भारतीयांना ऑनलाइन मतदान करता येईल असे म्हटले होते. आयोगाने त्याबाबत दिल्ली पोलिसांकडे तक्रार केली. पण वाचकाच्या उपयोगाचे उत्तर साधे होते, ते असे की नाव नमुना ६-ए भरून नोंदवावे लागते आणि मतदानाला मूळ पारपत्र घेऊन प्रत्यक्ष यावे लागते. हे उत्तर ठळकपणे प्रसिद्ध करण्याचा खर्च कोणत्याही तपासाच्या तुलनेत नगण्य आहे.

अमेरिकेतही याहून वेगळे घडलेले नाही. जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशर राज्यातील प्राथमिक निवडणुकीआधी अध्यक्ष बायडेन यांच्या बनावट आवाजात मतदानाला जाऊ नका असे सांगणारे फोन हजारो मतदारांना गेले. दूरसंचार नियामकाने ते घडवणाऱ्या राजकीय सल्लागाराला त्याच वर्षी साठ लाख डॉलरचा दंड ठोठावला, तो फोन करणाऱ्याचा क्रमांक बनावट दाखवल्याबद्दल. फौजदारी खटल्यात मात्र ज्यूरीने जून २०२५ मध्ये त्याला निर्दोष सोडले.

माझ्या आवडत्या मार्गाविरुद्ध एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मला पूर्ण खोडून काढता येत नाही. अधिकाऱ्याने सुनावणीशिवाय कागद जप्त करावेत, हे सवयीचे झाले तर उद्या तेच हत्यार टीकाकारावर चालेल. उमेदवारांच्या कामाचा लेखाजोखा मांडणारे आमच्या गटाचे स्वतःचे पत्रकही कलम १२७-ए मध्ये येते, आणि मुद्रकाचे नाव राहून गेले तर तेही उचलले जाऊ शकते. सरकारनेच खरे-खोटे ठरवावे ही कल्पना किती अडचणीची आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या तथ्य तपासणी कक्षाची, म्हणजे सरकारविषयीचा ऑनलाइन मजकूर खोटा आहे का हे ठरवणाऱ्या सरकारी कक्षाची, तरतूद रद्द केली तेव्हा दिसलेच. म्हणून मी या मार्गाची बाजू घेतो ती नाव-पत्ता, प्रमाणपत्र, ठळक सूचना अशा डोळ्यांना दिसणाऱ्या अटींपुरतीच. अधिकारी मजकुराचा निवाडा करू लागला, की हा मार्गही उच्च न्यायालयाइतकाच महाग होतो आणि तिथल्या सुनावणीचे संरक्षणही त्यात नसते.

तर निवड कोणी कशी करावी? पराभूत उमेदवाराकडे प्रतिस्पर्ध्याच्या सहीचा कागद, सभेचे चित्रीकरण किंवा संमती दाखवणारा ठोस पुरावा असेल, मतांचा फरक थोडा असेल आणि वकिलाचा खर्च झेपणार असेल, तर याचिकेला पर्याय नाही; निकाल लागलेली निवडणूक रद्द करून घेण्याचा दुसरा मार्गच नाही. धमकी, मारहाण किंवा दुसऱ्याच्या नावाने मतदान असेल तर सरळ पोलीस ठाण्यातच जावे. तोतया मतदानाचा गुन्हा दखलपात्र आहे, तेथे एनसीची भिंत आडवी येत नाही. पण सामान्य मतदाराच्या हाती निनावी पत्रक असेल आणि मतदान तोंडावर असेल, तर मी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाईन. अर्ज एका पानाचा असावा, पहिल्या वाक्यात मुद्रक-प्रकाशकाचे नाव नसल्याचा उल्लेख असावा, पत्रक कोठे व किती वाजता मिळाले ते लिहावे, मजकुराच्या खोटेपणाविषयी दोन ओळींपेक्षा जास्त लिहू नये, पत्रकाची मूळ प्रत स्वतःजवळ ठेवून छायाप्रत जोडावी आणि आवक क्रमांक व वेळ टाकलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये.